डाव्या खिशातली पक्कड

नांदेड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. मी ठीक, मनिषा ठीक, आमची खोली ठीक. नळाला दिवसाआड पाणी येतं आणि घरमालकीण रोज येते, दोन्हींची सवय झाली. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर पार्सलात नवी बाटली आहे, ती आधी तिला दे. बाटलीखाली जो काळा डबा आहे तो तुझा. पण थांब! उघडू नकोस. आधी पत्र वाच. अर्थात तुला मी ओळखते, एव्हाना तू तो उघडून बसलाही असशील.

मोबाईल असताना हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं म्हणशील. तर फोनवर तू "हाव, बरं हाय, आईला देतो" एवढं बोलून मोकळा होतोस, आणि मला या डब्यातल्या वस्तूबद्दल तासभर बोलायचंय. आणखीही एक बोलायचंय. ते मागाहून. आधी डबा.

गेल्या महिन्यात, धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन आठवडा झाला असेल, मी मुदखेडला पंचायत समितीत आवक रजिस्टर लिहीत बसले होते आणि आईचा फोन आला. "प्रिये, ऐकायलीस का? तुझ्या दादानं श्रीमंतकाकाच्या मोटारीचं स्टार्टर नीट केलं! डाव्या हातानं! वायर दातात धरली व्हती बघ." मी इतक्या जोरात "काय?" म्हणाले की आमच्या साहेबांनी चष्म्याच्या वरून बघितलं. बघू देत. कडबाकुट्टीत तुझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली त्याला साडेसहा वर्षं झाली, आणि या साडेसहा वर्षांत आपल्या गावचा पहिल्या नंबरचा वायरमन लोकांच्या शेतावर राखण करत होता, पक्कडीकडे ढुंकून बघत नव्हता. आणि आता दातात वायर! मी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला चहा पाजला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाले, स्टार्टर चालू झालं.

वर आईनं सांगितलं की आप्पासाहेब स्वतः आपल्या दारात आले होते. नवं घर बांधलंय, सगळी वायरिंग तूच कर म्हणाले, नोव्हेंबर संपेपर्यंत थांबतो म्हणाले. आणि तू "बघतो" म्हणालास. दादा, तुझं "बघतो" म्हणजे "नाही" हे आपल्या म्हशीलाही माहीत आहे.

म्हणून हा डबा. तू ते काम घ्यावंस म्हणून.

मी विचार केला, एका हाताच्या माणसाची खरी अडचण काय? पिशवी! हत्यारांच्या पिशवीत पक्कड शोधायची तर एक हात आत आणि दुसरा पिशवी धरायला लागतो. पेचकस एकीकडे, टेस्टर दुसरीकडे, आणि तू शिडीवर. त्यापेक्षा पक्कड, सुरी, पेचकस, कानस सगळं एकात घडी घालून बसलेली वस्तू खिशात असली, रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत, तर? मल्टिटूल म्हणतात त्याला. आणि दात मोकळे राहतील. दातांचं सांगते, बत्तिसातले दोन तू आधीच सुपारीपायी घालवलेत, उरलेले वायर सोलायला नाहीत.

आता खरी गंमत. मला वाटलं दुकानात जायचं, पैसे टाकायचे, घेऊन यायचं. मनात मांडे खायला काय जातं!

दिवाळीत मनिषाच्या घरी लातूरला गेले तेव्हा गंजगोलाईत एक सापडला. लाल मुठीचा, चकाचक, बघताक्षणी आवडावा असा. मी उजवा हात ओढणीत गुंडाळला आणि डाव्या हातानं पातं उघडायला गेले. पात्याला इवलीशी खाच, तिच्यात नख अडकवून ओढायचं, आणि ओढताना मूठ दुसऱ्या हातानं धरायची. नख मोडलं. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन्ही हातानं उघडा की!" नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ठेवला परत.

मग नांदेडला वजिराबादेत एकानं अठरा अवजारांचा काढला. दादा, त्यात मासळीचे खवले काढायची पट्टीसुद्धा होती! तू वायरिंग करता करता मासे कधी सोलणार होतास? एक ना धड भाराभर चिंध्या. आणि वजन एवढं की खिशात ठेवला तर पँट खाली येईल आणि आप्पासाहेबांच्या नव्या घरात तुझी शोभा होईल.

तिसरा मी मोबाईलवर बघून मागवला. व्हिडिओत एक मिशीवाला मनगटाला नुसता झटका देतो आणि पक्कड खाडकन उघडते. मीही दिला झटका. ती उघडली नाही, उडाली, आणि मनिषाच्या डाळीच्या पातेल्यात पडली. मनिषा म्हणते, "नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हटलं, अंगण नाही, डाळ. तो धुऊन पुसून परत पाठवला.

तेव्हा मला सुचलं की दुकानात पाच मिनिटं हात गुंडाळून काही कळायचं नाही. मी आठ दिवस उजव्या हाताची चारही बोटं पट्टीनं बांधून टाकली, फक्त अंगठा मोकळा, तुझ्यासारखा. ऑफिसात सांगितलं, दारात बोटं सापडली. हसू नकोस. पहिल्या दिवशी मला वेणी घालता आली नाही, बाटलीचं झाकण उघडता आलं नाही, आणि गाडीत जेवणाच्या डब्याची कडी दातानं ओढावी लागली. तेव्हा मला रडू आलं, दादा. तू सहा वर्षं आमच्यासमोर जेवतोस आणि मी एकदाही बघितलं नव्हतं की तू डबा गुडघ्यात धरून उघडतोस.

मुदखेडच्या गाडीत रोज एक नागुबाई असतात, भाजी घेऊन येतात. त्यांनी विचारलं, "पोरी, हात मोडला का?" मी त्यांना खरं सांगितलं. मग त्यांनी कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि सुपारी कातरून दाखवली, एका हातानं! म्हणाल्या, "हत्यार मांडीवर टेकवल्याबिगर उघडलं आन् मिटलं तर खरं. उघडतं समदंच, मिटताना बोटं खातं." लाख रुपयाची गोष्ट. कुठल्या व्हिडिओत हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तोवर नुसतं उघडण्याच्या मागे होते.

शेवटी गुरुद्वाऱ्यासमोरच्या गल्लीत गेले, जिथे कृपाणी आणि कडी विकायला मांडलेली असतात. एक म्हातारे सरदारजी. मी म्हटलं, डाव्या हातानं उघडेल, डाव्या हातानं मिटेल, आणि उजव्याची काही गरज लागणार नाही असं दाखवा. त्यांनी माझ्या पट्टीकडे बघितलं, विचारलं, "तुझ्यासाठी का?" मी म्हटलं, दादासाठी, वायरमन आहे. त्यांनी स्वतःचा उजवा हात पाठीमागे नेला आणि खणातला एकेक काढून डाव्या हातानं उघडायला लागले! मीही डाव्या हातानं. दोघांचे उजवे हात पाठीमागे, आणि बाहेर गिऱ्हाईकं उभी राहून बघायलीत. एकात पातं सहज उघडलं पण मिटवायची कळ उजव्या अंगठ्यासाठी केलेली. एक त्यांच्या हातातून दोनदा पडला. "सगळी दुनिया उजव्यांसाठी बनवलीय, बेटा," म्हणाले, आणि मग तेच इरेला पेटले. हवा तसा दिल्लीहून मागवतो म्हणाले. चार दिवसांनी फोन आला.

तोच तुझ्या डब्यात आहे! आता उघड. नाही, आधी वाच, मग उघड.

तो डाव्या मुठीत धर. अंगठ्यानं वरची खुंटी पुढे ढकल. पक्कड सुळकन बाहेर येते, आणि तिच्यात स्प्रिंग आहे, म्हणजे दाबून सोडली की आपली आपण उघडते. साधी पक्कड एका हातानं पुन्हा उघडायला किती कसरत होते, आठ दिवसांत मला कळलंय. सुरी बाहेरच्या अंगाला आहे, तिला मोठं भोक, अंगठा घातला की उघडली. मिटवायची कळ दोन्ही बाजूंनी दाबता येते. पेचकस दोन, चपटा आणि चौफुलीचा. कानस आहे, कात्री आहे. खवल्यांची पट्टी नाही! पाठीला चिमटा आहे, खिशाच्या काठाला अडकव, खाली सरकत नाही. तुझ्या झाडून सगळ्या पँटींचे डावे खिसे फाटलेत, ते आईकडून शिवून घे, नाहीतर माझी सगळी मेहनत आप्पासाहेबांच्या वाळूत पडायची.

देताना सरदारजींनी तो माझ्या हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला. धारेची वस्तू हातात हात देत नसतात, भांडण होतं म्हणे. मी म्हटलं, आम्ही असलं मानत नाही. ते म्हणाले, "मानू नको. पण उचल तिथूनच."

खोलीवर आल्यावर हातभर वायर आणि एक प्लग घेऊन बसले. प्लग पायाच्या अंगठ्यांत धरला, वायर कापली, सोलली, स्क्रू आवळले. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. काल अकरा मिनिटांत झालं, आणि मी तर वायरमन पण नाही. तू तर तीन मिनिटांत करशील. दादा, तू करशीलच!

एकच उणीव आहे. याच्या मुठीला प्लास्टिकचं कव्हर नाही, सगळं नुसतं लोखंड. सरदारजींनी दोनदा बजावलं, "करंटच्या कामाला हा घ्यायचा तर आधी मेन बंद. बंद केलं का, हे स्वतः बघायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही."

इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवलं. आता उरलेलं उद्या.

मुदखेड स्टेशन,
सोमवार, संध्याकाळ

गाडीला उशीर आहे. फलाटावर बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

वर मी लिहिलं की तू आप्पासाहेबांना "बघतो" म्हणालास. ते अर्धंच आहे. आईनं पुढचंही सांगितलं होतं. तू म्हणालास, "दुरुस्तीचं सांगा, करतो. नवं बटन म्या कुनाच्या घरात बसवणार न्हाई. माझ्या हातच्या बटनाचा भरवसा न्हाई." आई रडत होती फोनवर. मी तिला काहीतरी बोलून फोन ठेवला आणि त्या दिवसापासून दुकानं धुंडाळायला लागले. मला वाटलं, चांगली वस्तू मिळाली की तू आपोआप कामाला लागशील आणि मला हे लिहावं लागणार नाही. वस्तू लई चांगली मिळाली. तरी लिहावं लागतंय.

दादा, त्या दिवशी बटन बंद नव्हतं.

माझी बारावीची परीक्षा होऊन महिना झाला होता. मी पायरीवर बसले होते, मांडीवर भाजलेल्या शेंगांचं सूप. आई नदीवर. तू कडबाकुट्टीत पेंढ्या सारत होतास आणि लाईट गेली. पेंढी अडकली होती. तू विचारलंस, "प्रिये, बटन बंद केलंस का?" बटन माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी म्हणाले, "हाव दादा, केलं." लाईट गेलेलीच होती, गेलेल्या लाईटीचं बटन काय बंद करायचं, असं मला वाटलं. आपल्याकडे कोण करतं? पंपाचं बटन तर सगळे मुद्दाम चालू ठेवतात, लाईट आली की मोटार सुरू व्हावी म्हणून. तू एकटाच दर वेळी बंद करायला लावायचास, आणि त्याचा मला वैताग यायचा. उठले असते तर सूप खाली ठेवावं लागलं असतं. एवढंच कारण होतं. मी खूप शोधलं, दुसरं कारण सापडत नाही.

तू हात घातलास आणि लाईट आली.

तू ओरडल्यावर मी धावले आणि तेव्हा बटन बंद केलं. श्रीमंतकाका भिंतीवरून उडी टाकून आले, त्यांना बंद बटन दिसलं. ते म्हणाले, "बटन तर बंद हाय! मंग मशीन चालू कशी झाली?" आणि मी म्हणाले, "बंदच व्हतं काका." पहिलं खोटं आळसापायी होतं, ते मी विसरूही शकले असते. दुसरं मला चांगलं कळत असताना बोलले.

काकांनी त्याच दिवशी रागानं सगळी वायर उपटून टाकली, आईनं मशीन भंगारात दिली. तपासायला काही उरलं नाही. आणि गाव म्हणालं, ज्याला सोताच्या घरचं बटन धड बसवता आलं न्हाई तो दुसऱ्याचं काय बसवणार. तू दवाखान्यातून आलास, तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून मला कागद घेऊन बसवायचास. फेज इथून काढ, न्यूट्रल तिथून काढ, बटन मधे दाखव. "चुकलं कुठं गं प्रिये?" म्हणायचास. मी आकृती काढायची, तू बघत बसायचास, मग म्हणायचास, पुन्हा काढ. दोन वह्या भरल्या. तू नसलेली चूक शोधत होतास आणि मी शांतपणे तुला कागद पुरवत होते. मला याची लाज वाटते. रोज वाटते. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तू माझ्या तोंडात पेढा घातलास, तेव्हाही वाटली.

आज दुपारी मी श्रीमंतकाकांना फोन करून हे सगळं सांगितलं. तुझ्याआधी त्यांना सांगितलं ते माघार घ्यायची वाट बंद व्हावी म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, पयलं त्याला सांग. मंग मी गावाला सांगतो." त्यांना म्हटलं, गावाला मीच सांगणार. उद्या सकाळी पार्सल टाकते, गुरुवारपर्यंत तुला मिळेल. येत्या रविवारी मी गावी येते. विहारात वंदना झाली की उभी राहून सांगेन, सगळ्यांसमोर, आप्पासाहेबांनाही तिथे बोलावून.

आईला हे पत्र तूच वाचून दाखव. ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन.

तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी घरी आले आणि तू शेतावर निघून गेलास तरी मला काही म्हणायला तोंड नाही. माफ कर असं लिहिणार होते, पण ते आता माझ्याकडून मागणं बरं दिसत नाही. फक्त एक कर. रविवारची वाट न बघता आप्पासाहेबांना निरोप धाड की काम घेतलं. रागाच्या भरात घे, मला दाखवून द्यायला घे, कसंही घे.

गाडी आली. एवढंच राहिलं. त्या दिवशी मशीन थांबली ती लाईट पुन्हा गेल्यामुळे नाही, पट्टा तुटल्यामुळे नाही. लाईट चालूच होती, घरातला पंखा फिरत होता, मी बघितलाय. मी बटन दाबलं आणि त्याच क्षणी मशीन बंद पडली. तू बसवलेलं बटन चांगलं होतं, दादा.

बटन बंद न करता "हाव" म्हणालेली,
तुझी बहीण,
धम्मप्रिया